एकेचाळीस पायऱ्या

बंदरापासून घरापर्यंत पाखाडी आहे, जांभ्याची,
एकेचाळीस पायऱ्या, मधली एक निखळलेली.
शेवंती डोक्यावर टोपली घेऊन एका दमात चढायची
आणि वरून हाक मारायची : आटपा की.

मग ती विसाव्या पायरीवर थांबू लागली.
बाण्यांच्या रातांब्याला यंदा किती लागलेत, ते बघायला.
मग पंधराव्या. कुणाची होडी आली, ते बघायला.
मग दहाव्या.
तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, नुसता गडगा.
ती गडग्याकडे बघत राहायची.

मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो.
होडी किल्ल्याला वळसा घालत असतानाच सांगतो,
नोझल गळतंय, फिल्टर चोंदलाय,
काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय.
आणि घरात, शेजारच्या गोधडीत,
रात्री बारीक शिट्टी वाजायची.
मी म्हणायचो, कौल सरकलं असेल.
दोनदा कौलं चाळून घेतली.

खोकला होताच. सकाळचा, पांढऱ्या बेडक्याचा,
तीन पावसाळे.
अडुळसा झाला, ज्येष्ठमध झालं, दृष्टही काढली.
वय झालं, म्हटलं.
पन्नाशी हे काय वय आहे?

वरच्या वाडीतला धाकू चिरेखाणीवर होता.
तो खोकायला लागला तेव्हा सगळे म्हणाले, धूळ.
संध्याकाळी अंग तापायचं,
पँट कमरेला सुतळीने बांधायचा, तरी धूळच.
आशाताई सुगंधाने त्याच्या हातात डबी दिली :
दोन आठवडे झाले ना? मग थुंकी दे. वाद नको.
टीबी निघाला. सहा महिने गोळ्या.
आता माडावर चढतो.

तीच सुगंधा आमच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकली,
आणि म्हणाली, वैनी,
एका वाक्यात तीनदा श्वास का घेतेस गं?
तीस वर्षं मी तिच्याशी बोलतोय.
मला ऐकू आलं नव्हतं.

दापोलीला गेलो. आधी थुंकी, मग छातीचा फोटो.
मग नाकाला चिमटा लावून तोंडात नळी दिली,
आणि यंत्रावरची मुलगी ओरडायला लागली :
फुंका मावशी! जोरात! अजून, अजून, सोडू नका!
शेवंतीला हसू फुटलं, चिमट्यासकट.
दहा वर्षांची होते तेव्हापासून फुंकतेच आहे, म्हणाली,
फुंकणी तेवढी लोखंडाची होती.
परत फुंका. परत.
कागदावर रेघ वर गेली
आणि मध्येच आत खचली, पावसाळ्यात दरड खचते तशी.

विडी? डॉक्टरीणबाईंनी विचारलं.
इश्श, नाही.
चूल?
हो.
आणखी कुठला धूर?
काजूची भट्टी. अकरा वर्षं.
बाईंनी लिहून घेतलं, वर न बघता.
नळ्या आकसल्यात, म्हणाल्या. दमा येतो आणि जातो,
हा मुक्कामाला आलाय.
गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळता येतं.
लवकर आला असतात तर, असं त्या म्हणाल्या नाहीत.
मीच म्हटलं, परतीच्या एसटीत, खिडकीला.

थुंकीत रक्त दिसलं, ओठ निळे पडले,
बसल्या जागी दम लागला, तर सकाळची वाट बघायची नाही :
हे मी इंजिनांच्या वहीत उतरवलंय,
डिझेलच्या हिशोबाखाली.

आता गॅस आहे.
पंप देवळीत, मिठाच्या बरणीशेजारी.
फुंकणीने ती मांजर हाकलते.

काल चढताना सतराव्या पायरीवर थांबली.
मी सवयीने रातांब्याकडे बघितलं.
काही बघायचं नाहीये, ती म्हणाली.
दम लागलाय. थांबा जरा.

मी तिची टोपली घेतली.
खाली कुणाचं तरी इंजिन अडखळत येत होतं.
कुणाचं, ते मी ऐकलं नाही.